डब्यावरचे उलटे बाण

तुळशीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या रविवारी, दुपारची पानं मांडायच्या आधी, बहादरपूरला आमच्या अंगणात मॅडमवर अन्याय झाला. अंधारात नाही, कुणाच्या पाठीमागे नाही. भर उन्हात, मांडवाखाली, माणसांनी भरलेल्या अंगणात झाला. त्या अंगणात बसलेले बरेच जण हा मजकूर वाचतील. त्यांच्यासाठीच तो लिहिते आहे.

मॅडमचं नाव देणार नाही. त्यांनीच बजावलंय. "नाव छापलंस की लोक माझ्यावर बोलत बसतील आणि झालं काय ते राहील बाजूला." तरी तुम्ही त्यांना ओळखता. सकाळी बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातून कॉलेजकडे चालत जाणाऱ्या, उंच, किंचित वाकलेल्या बाई. खांद्याला कापडी पिशवी. लूमच्या कारखान्यासमोर सुताचा तुकडा पडलेला दिसला की थांबणार, उचलणार, दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर ताणणार आणि बोटाने टिचकी मारून बघणार. मग तुकडा पिशवीत. चहाच्या टपरीवरची मंडळी हसायची. "आली धागेवाली मॅडम!" मॅडमना ते ऐकू जायचं. त्या मान लववून पुढे जायच्या, जणू कुणी मानाने हाक मारली.

आणि त्यांची दुसरी खूण म्हणजे त्यांचा प्रश्न. "पाहिलंस, की ऐकलंस?"

मला तो पहिल्यांदा कॉलेजच्या फाटकावर ऐकावा लागला. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते आणि पत्रकं वाटत होते. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप, हा विषय. मथळा मीच लिहिला होता : निर्लज्ज, मुजोर, अमानुष व्यवस्थापनाचा धिक्कार! मॅडमनी पत्रक घेतलं आणि तिथेच उभं राहून पूर्ण वाचलं. पत्रक पूर्ण कुणी वाचत नाही. मला वाटलं, शाबासकी देणार.

"कुलूप आहे?"

"आहे म्हणजे काय, मॅडम! सगळ्या मुली सांगतात."

"पाहिलंस, की ऐकलंस?"

मी हातातली पत्रकं सारखी करू लागले.

"जा, बघून ये. मी थांबते."

बघून आले. वरच्या मजल्यावर कुलूप होतं. खालचं उघडं होतं, पण नळाला पाणी नव्हतं. मॅडमनी पिशवीतून पेन काढलं. "निर्लज्ज काढ. मुजोर काढ. अमानुष काढ."

"मग उरलं काय?"

"कुलूप," मॅडम म्हणाल्या. "वर कुलूप, खाली पाणी नाही. एवढंच छाप. बघ कशी झोप उडते ते."

उडाली. कुलूप निघालं. तेव्हापासून माझं प्रत्येक पत्रक आधी मॅडमच्या हाताखालून जायचं आणि निम्मं होऊन परत यायचं. या लेखातही त्यांनी बरंच काही कापलं असतं. पण त्या इथे नाहीत, आणि राग कापायला मी आज तयार नाही.

माझा विषय समाजशास्त्र. तरी मी त्यांच्या जीवशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायची. बऱ्हाणपूरला परतण्याआधी मॅडम एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत होत्या. काचेच्या बशीत चेतापेशी वाढवायच्या आणि त्यांच्या आतला सांगाडा कसा उभा राहतो ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे त्यांचं काम. इथे त्यांची आई एकटी पडली. मॅडम परत आल्या आणि खाजगी कॉलेजात तासांवर शिकवू लागल्या. कॉलेजात सूक्ष्मदर्शक होता, पण त्याची भिंगं गायब होती. म्हणून धागे.

खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत त्या एक धागा ताणून बांधायच्या आणि सुरू व्हायच्या. पोरांना कळावं म्हणून अर्धं हिंदीत, रंगात आल्या की मराठीत.

"पेशीला हाडं नसतात. पण सांगाडा असतो. बारीक धाग्यांचा आणि त्याहून जाड नळ्यांचा. चेतापेशी सुरुवातीला असते गोल. मग तिला चहूकडून छोटे छोटे हात फुटतात. सगळे सारखे. जरा पुढे जातात, जरा मागे येतात. काही ठरत नाही. आणि मग एकच हात पळत सुटतो. तो अक्षतंतू. बाकीचे मागे राहतात, त्यांच्या फांद्या होतात. पळणाऱ्या हाताच्या टोकाला पंजा असतो, धाग्यांचा. तो अंधारात चाचपतो. इथे जाऊ? तिथे जाऊ? पंजाला वाट सापडली की मागून नळ्या आत शिरतात आणि ती वाट पक्की होते."

"मॅडम," पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "कौनसा हाथ भागेगा, पहले से पता चलता है क्या?"

मॅडम हसल्या. "मी वर्षानुवर्षं पैजा लावल्या त्यावर. बशीपुढे बसून. बहुतेक हरले." मग धाग्याला टिचकी मारून म्हणाल्या, "बरंच कळलंय, बरंच राहिलंय. ज्याला सगळं कळलंय असं तो म्हणतो ना, त्याच्याकडून काही विकत घेऊ नका."

तेव्हा आम्ही हसलो होतो.

एकदा त्यांनी वर्गाचाच अक्षतंतू केला. पोरापोरींना एका रांगेत उभं केलं, पुढच्याच्या खांद्यावर हात, सगळ्यांची तोंडं दाराकडे. "नळ्यांचं वाढणारं टोक बाहेरच्या बाजूला. एकही उलटा चालणार नाही." मागच्या टोकाचा सुटायचा आणि धावत पुढे जाऊन जोडला जायचा. रांग तेवढीच, पण सरकत सरकत निघाली वऱ्हांड्यात. "बघा, हाच सांगाडा! एकीकडे सुटतो, एकीकडे जुळतो, आणि चालतो!" रांगेतला एक पोरगा मागे वळून मैत्रिणीकडे बघत होता. मॅडमनी त्याचे खांदे धरून त्याला सरळ केलं. "अक्षतंतूत उलटं उभं राहायचं नाही. उलटसुलट चालतं ते आखूड हातांत, डेंड्राइटमध्ये." त्या पोराला गाव अजून डेंड्राइट म्हणतं. रांग वळणावर गेली आणि समोर प्राचार्य. मॅडम मागून ओरडल्या, "सर, जरा बाजूला व्हा, अक्षतंतू येतोय!" आणि प्राचार्य खरंच भिंतीला चिकटून उभे राहिले.

हे सगळं सांगितलं कारण ते बाण लक्षात ठेवायचे आहेत. सगळे एका दिशेला. बाहेर.

विज्ञान दिनाला मॅडमनी भिंतीएवढं चित्र काढलं. एक चेतापेशी, आखूड हात, एक लांब हात, टोकाला पंजा, आणि लांब हाताच्या आत नळ्यांसाठी लाल बाण, सगळे बाहेर तोंड केलेले. पाहुणे म्हणून काकाजी आले होते.

काकाजींना सगळं गाव काकाजीच म्हणतं. औषधांचं मोठं दुकान आणि कॉलेजच्या संचालक मंडळात खुर्ची. ते वाईट दिसत नाहीत, हीच अडचण आहे. लग्नाला मांडव देतील, आजाऱ्याला गाडी देतील, लहान पोराच्या गालाला हात लावल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले. "क्या बात है मॅडम! हे बाळाच्या मेंदूत असतं?"

"मोठ्यांच्याही असतं," मॅडम म्हणाल्या. "पण ते घडतं मुख्यतः पोटात असताना आणि नंतरच्या काही वर्षांत."

काकाजींनी मोबाइलवर फोटो काढला. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं.

पावसाळ्यात तो फोटो डब्यावर आला. गरोदर बायकांसाठी भुकटीचा डबा, पुढच्या बाजूला मॅडमची चेतापेशी, आणि खाली लिहिलेलं : गर्भातच बाळाच्या मेंदूचा सांगाडा मजबूत. शेजारी बारीक अक्षरात, कॉलेजच्या विज्ञान विभागाच्या मार्गदर्शनाखाली. त्या विभागात बाई एकच होती. डब्याचं नाव मी लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको. आत काय होतं तेही लिहीत नाही, कारण मला ते माहीत नाही. पाहिलेलं नाही.

मी तो डबा मॅडमकडे नेला तेव्हा त्या आईचे केस विंचरत होत्या. चष्मा चढवला, डबा फिरवून फिरवून पाहिला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"बाण उलटे केलेत!"

"मॅडम, तुमचं चित्र चोरलंय!"

"ते कळलं गं. पण हे बघ." छापणाऱ्याने दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून लांब हातातले अर्धे बाण आत वळवले होते. "माझ्या अक्षतंतूत उलटे बाण! चोरायचं तर नीट तरी चोरा!"

त्यांची आई आरशातून म्हणाली, "पोरी, हिला आधी कळू दे की हिचं नाव बुडालं. बाण मग बघू."

मॅडमना ते कळलं. संध्याकाळी त्या काकाजींच्या दुकानात गेल्या. मी बरोबर होते, म्हणजे हे पाहिलेलं आहे. काकाजींनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. घर की बात आहे. कॉलेज आपलं, चित्र आपलं."

"चित्र माझं आहे. आणि ते असं सांगत नाही. त्या हाताने कुठे जायचं हे कुठलीही भुकटी सांगू शकत नाही."

"आप विज्ञान देखो," काकाजी प्रेमाने म्हणाले, "आम्ही माणसं बघतो."

मॅडमनी चहा घेतला नाही. आम्ही पत्रक काढलं. त्यातही विशेषण एक नव्हतं. डबे खपत राहिले.

आता माझ्या वहिनीचं सांगते. ती शाहपूरची. तिला लहानपणापासून मिरगी आहे. रोज गोळी घेते आणि कितीतरी वर्षांत तिला झटका आलेला नव्हता. हे आज मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. तेव्हा ते गावापासून लपवलेलं होतं. आमच्या बहादरपुरात मिरगी म्हणजे पोरीचा कलंक. गोळ्या डाळीच्या डब्यामागे राहायच्या. दिवस राहायच्या आधी दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी जुनी गोळी बाळाला धोक्याची म्हणून आधीच बदलून दिली, आणि बजावून सांगितलं, मला विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही.

पण काकाजींचा डबा घरी आला. गोळ्या कसल्या ते न विचारताच त्यांनी आईला समजावलं, इंग्रजी गोळ्यांची गरमी बाळाच्या मेंदूला लागते, डबा सुरू केला की त्यांची गरज नाही. आईने ऐकलं. आईला नातवंडाची काळजी होती, दुसरं काही नव्हतं. मी शहरात खोली करून राहते. दादा केळीच्या गाड्यांबरोबर बाहेर. आम्हा दोघांना कळलंच नाही.

सातव्या महिन्यात, तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी, वहिनीचं डोहाळजेवण ठेवलं. मांडव काकाजींचा. मॅडमना मी बोलावलं. त्या आल्या, पिशवीतून झबलं काढून दिलं, आणि झोपाळ्याशी वहिनीजवळ बसल्या. वहिनी हिरव्या साडीत, अंगभर फुलांचे दागिने.

"काय चाललंय आत?" मॅडमनी विचारलं.

"लाथा मारतंय."

"ते बाहेरून कळतं. आत केवढी धांदल चाललीये माहितेय? एकेक पेशी हात लांब करतेय, टोकाने चाचपत चाचपत पुढे चाललीये."

"कुणाकडे?" वहिनी लाजून हसली.

"तेच तर शोधतेय. आणि जाता जाता आतला सांगाडा उभारतेय. कुणी शिकवलेलं नाही."

मी बायकांना पाणी देत होते. वहिनीने दोन्ही हात पोटावर ठेवले तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिला. तो मला कुठल्याही पत्रकात लिहिता येणार नाही.

मग ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, फळं. काकाजींच्या घरच्यांनी त्यावर डबा ठेवला, फुलं वाहिल्यासारखा. मॅडमनी तो पाहिला. त्या आधी हसल्या. "बघ, माझे उलटे बाण इथेही आले." बायका हसल्या. वहिनीही हसली आणि भाबडेपणाने हळूच म्हणाली, "मॅडम, हे सुरू केल्यापासून माझ्या गोळ्या सुटल्या. डोकं कसं हलकं वाटतं."

मॅडमचा हात हवेतच थांबला.

"कोणत्या गोळ्या?"

वहिनीने माझ्या आईकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मला कोणत्या ते माहीत होतं. मी मॅडमच्या कानात सांगितलं.

मॅडमनी पुढे जे केलं ते नीट वाचा, कारण गावात ते वेगळंच सांगतात. त्या ओरडल्या नाहीत. त्या उठून आईजवळ गेल्या आणि हळू म्हणाल्या, "ताई, हिला घेऊन जरा आत चला."

"आत्ता? माय वं! ओटी भरलीये, उठवता नाही येत."

"मग तुम्ही या."

"मॅडम, आजच्या दिवशी दवाई-गोळीचं बोलायचं नसतं."

"किती दिवस झाले बंद करून?"

आईने ओटीतला नारळ सारखा केला. वहिनीच म्हणाली, "दिवाळीपासून."

एव्हाना बायकांचं बोलणं थांबलं होतं. मांडवाच्या त्या टोकाला पुरुषांत बसलेले काकाजी उठून आले. "मॅडम, मॅडम, खुशी का मौका है."

मग मॅडम मोठ्याने बोलल्या. "ही गोळी अशी एकदम बंद करत नाहीत. आत्ता दवाखान्यात चला. डॉक्टर सांगतील तसं पुन्हा सुरू करू. नाहीतर हिला झटका येऊ शकतो. बाळालाही धोका आहे."

झटका. भरल्या ओटीसमोर तो शब्द बोलला गेला. कुणीतरी "अगं बाई!" म्हणून तोंडाला पदर लावला. मागून आवाज आला, "म्हणजे पोरीला मिरगी आहे काय?" आईचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. ती म्हणाली, "माझ्या घरात, माझ्या सुनेला असं अभद्र बोलता? उठा. जा इथून."

आमच्याकडे ओटी भरताना वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, काढला तर तो लागतो, असं मानतात. मलाही ते लहानपणापासून शिकवलंय. मॅडमना शिकवलेलं नव्हतं असं कुणी समजू नये. त्याही याच मातीतल्या. त्या जाणूनबुजून बोलल्या. त्यांना आत जाऊ दिलं नाही म्हणून बाहेर बोलल्या.

त्या न जेवता निघाल्या. तुम्ही बाजूला सरकून वाट दिलीत, कुणी हात धरला नाही. फाटकाशी त्या वळल्या आणि वहिनीला म्हणाल्या, "तू स्वतः विचार डॉक्टरांना. आजच."

संध्याकाळभर मी घरात भांडले. आई रडत राहिली. दादा म्हणाला, पाहुणे जाऊ दे, सकाळी पहिलं काम तेच.

सकाळी चहा ठेवता ठेवता वहिनी कोसळली.

त्या मिनिटांबद्दल मी फार लिहिणार नाही. चहा शेगडीवर उतू जात होता आणि दादा तिला कुशीवर वळवून नुसता तिचं नाव घेत होता. मी मॅडमना फोन लावला. पलीकडून शांत आवाज, "तोंडात काही घालू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी दे. गाडी निघाली का? मी तिथे पोहोचते." आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा त्या दाराशी उभ्या होत्या. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" मॅडमनी कुणाकडे बोट दाखवलं नाही. त्यांनी फक्त माझ्या आईच्या पाठीवर हात ठेवला. आईने तो झटकला नाही.

बाळाचे ठोके लागेपर्यंत मॅडम भिंतीला टेकून होत्या, डोळे मिटून, बोटांत एक धाग्याचा तुकडा ताणून धरलेला. यंत्रातून तो टकटक आवाज आला तेव्हा तो धागा तुटला. त्यांनी तुटलेली दोन टोकं बघितली, हसल्या आणि गाठ मारू लागल्या. गाठ काही बसेना. शेवटी ती आईने मारली.

वहिनी वाचली. गोळ्या सुरू झाल्या. दिवस पूर्ण भरून मुलगी झाली. आता ती रांगते आणि जे दिसेल ते मुठीत धरते. हे आनंदाचं आहे आणि त्यावर हा लेख संपवता आला असता.

पण त्या सोमवारीच बहादरपूरहून निघालेली गोष्ट इतवाऱ्यात पोहोचली ती अशी : धागेवाली बाई भरल्या ओटीसमोर अभद्र बोलली आणि दुसऱ्या दिवशी पोरगी पडली. बस, एवढीच. बंद गोळ्या गोष्टीतून गळाल्या. डबाही गळाला. बाण पुन्हा उलटे केले. गोळ्या सुटल्या म्हणून झटका आला, तो येईल म्हणून मॅडम बोलल्या. आता गाव म्हणतं, मॅडम बोलल्या म्हणून झटका आला.

काकाजी सगळ्यांना समजुतीने सांगत होते, "त्यांच्या मनात काही नव्हतं हो. जीभच तशी आहे." या प्रेमळपणाला मी काय म्हणू? मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, काही म्हणू नकोस, वाक्य तसंच छाप. छापलंय.

कॉलेजच्या मंडळाने ठरवलं, समाजात रोष आहे, बाईंनी येऊ नये. शिपाई चालू तासात निरोप घेऊन आला. मॅडमनी फळा पुसला, खडू जागेवर ठेवला. डेंड्राइट उभा राहिला, "मॅडम, हम लोग चलते हैं ना ऑफिस, सब मिलके."

"तुम्ही त्या अंगणात होतात?"

"नाही."

"मग तुम्ही काय सांगणार? ज्यांनी पाहिलं ते सांगतील." त्यांचा त्यावर विश्वास होता. आईशप्पथ, होता.

आम्ही तक्रार केली. मंडळाने प्रत्यक्ष हजर असलेल्यांना बोलवायचं मान्य केलं. पहिल्या बैठकीला मी गेले, तर म्हणाले, तू त्यांची चेली. वहिनी तान्ह्या मुलीला घेऊन गेली, आपणहून. गावासमोर स्वतःच्या तोंडाने म्हणाली, मला मिरगी आहे, माझ्या गोळ्या बंद केल्या होत्या, मॅडमनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. एक सभासद दुसऱ्याला म्हणाला, "मिरगीवाल्या बाईला काय आठवणार?" तिच्यासमोर म्हणाला. वहिनी उठली नाही. म्हणाली, "पडले त्या सकाळचं नाही आठवत. रविवारचं सगळं आठवतं. तुमच्याकडचे कोण कोण आले होते तेही आठवतं." माझी आई घरीच बसली. ती अजून स्वतःशी लढते आहे, आणि ते मी तिच्यावर सोडलंय. बाकी अंगणातलं कुणी फिरकलं नाही. मंडळाने लिहून टाकलं, साक्षीदार नाहीत.

मॅडम आईला घेऊन बहिणीकडे गेल्या. बस स्टँडवर मी त्यांची बॅग धरून होते. मी खूप बोलले. भ्याड, विकलेले, ढोंगी, सगळे शब्द. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "विकलेले आहेत? पाहिलंस, की ऐकलंस?" मी बॅग दुसऱ्या हातात घेतली. "घाबरलेले असतील," त्या म्हणाल्या. "पेशीचा तो हात बघ ना, आधी पुढे-मागेच करतो किती वेळ. सगळेच करतात." मग बस आली. खिडकीतून त्यांनी आमच्या पोरीचं विचारलं. मी सांगितलं, मुठीत सगळं धरते. "सोडते पण का?" "नाही." "शिकेल," म्हणाल्या, आणि गाडी निघाली.

त्यांच्या वर्गात आता कुणीच जीवशास्त्र शिकवत नाही. परवा मी गेले होते. खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत त्यांनी बांधलेला धागा तसाच आहे. झाडणारी बाई त्याच्याखालून वाकून जाते, तोडत नाही. मी टिचकी मारली. अजून ताठ आहे.

काकाजींच्या फळीवर डबाही तसाच आहे, अर्धे बाण आत, अर्धे बाहेर. शाहपुरातल्या एका पोरीची ओटी या महिन्यात भरायची आहे. तिलाही रोजची गोळी लागते. तिच्या सासूने तुमचीच ती उलटी गोष्ट ऐकलीये.

वहिनी हटली नाही म्हणून मंडळ येत्या सोमवारी सकाळी अकराला पुन्हा बसतंय. या. मोर्चा नको, घोषणा नको, मॅडमची स्तुती तर अजिबात नको. त्या अंगणात तुम्ही मांडवाखाली होतात, आमच्या हातचं पाणी प्यायलात. दोन वाक्यं सांगा : गोळ्या बंद केलेल्या होत्या. मॅडमनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. सांगा आणि घरी जा.

तुम्ही हे ऐकलेलं नाही. पाहिलेलं आहे. सोमवारी या.